संकल्पाला देश-काल हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर सरत आला की वाचकांचे नववर्षाचे संकल्प छापून येऊ लागतात. यंदा गॅलरीत भाज्या लावणार, माळ्यावरची बाजाची पेटी खाली काढणार, विणकाम शिकणार, रोज वाचणार, रात्री सगळे एकत्र जेवणार. हे सारे मनापासून लिहिलेले असते. तरीही संक्रांतीचा तिळगूळ डब्यात असतानाच त्यातले बरेचसे मागे पडते आणि खापर फुटते ते आळसावर. हे निदान चुकीचे वाटते, म्हणून हे पत्र.

पूजेला बसल्यावर संकल्प कसा सोडतात ते आठवून पाहावे. गुरुजी आधी देशकालाचा, म्हणजे स्थळाचा आणि वेळेचा, उच्चार करतात. नदीचा कोणता तीर, कोणते संवत्सर, कोणते अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग यजमानाचे गोत्र आणि नाव. मग कोणते कर्म करायचे ते नेमकेपणाने. हे सगळे झाल्यावर शेवटी ‘करिष्ये’ म्हणून पळीभर पाणी ताम्हनात सुटते. श्रद्धा असो वा नसो, ही मांडणी फार शहाणपणाची आहे. ३१ डिसेंबरच्या संकल्पात त्यातले फक्त ‘करिष्ये’ उरते. कुठे, कोणत्या ऋतूत, किती वाजता, कोणी आणि किती, हे कोणी बोलतच नाही. छंदाचे आणि घरातले संकल्प नेमके तिथे अडतात.

गॅलरीतली बाग घ्या. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. १ जानेवारीला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर, दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणमुखी गॅलरीत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येते आणि ‘इथे काहीही पिकेल’ असे वाटते. एप्रिलपासून सूर्य वर चढतो, वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब ऊन अडवतो. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे जानेवारीत उन्हाने भरलेली ती गॅलरी मे-जूनमध्ये जवळजवळ सावलीत जाते. टोमॅटोची झाडे नुसती उंच वाढतात, फुले गळतात, आणि घरचे म्हणतात, ‘तुझ्याच्याने होत नाही.’ यात माणसाचा दोष काहीच नाही. दक्षिणेच्या गॅलरीत भाज्या ऑक्टोबर ते मार्च घ्याव्यात, पुढे कुंड्यांत सावलीत तगणारी झाडे ठेवावीत. पूर्वेच्या गॅलरीत पावसाळा सोडला तर सकाळचे तीन-चार तास ऊन वर्षभर मिळते, पालेभाज्यांना तेवढे पुरते. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी बांधल्याशिवाय काही टिकत नाही. उत्तरेच्या गॅलरीत जानेवारीत थेट ऊन नसतेच, तिथे नेचे आणि मनीप्लँट लावून समाधान मानावे. ‘देश’ म्हणायचा तो हा.

काळही तितकाच महत्त्वाचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात भेंडी, गवार, काकडी लावू नये. रात्री गारठा असतो, बी रुजायला वेळ लागतो आणि रुजलेले रोप खुरटते. फेब्रुवारीचा मध्य उलटू द्यावा. आत्ता लावायची ती मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. पहिल्यांदाच करणाऱ्याने फक्त मेथी लावावी, कारण ती महिन्याच्या आत हातात येते आणि पहिला महिनाच सगळ्यात कसोटीचा असतो. फूटभर रुंद, दीड फूट लांब आणि सहा इंच खोल क्रेट पुरतो. पोयटा माती, चाळलेले कंपोस्ट किंवा जुने शेणखत आणि कोकोपीट समसमान घ्यायचे. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर होते. ती एकदा धुऊन, पिळून घ्यावी, म्हणजे त्यातला क्षार निघून जातो. किराणा दुकानातले मेथीदाणे चालतात. तीन मोठे चमचे दाणे रात्रभर भिजवावेत, सकाळी पसरावेत, वर अर्धा इंच माती. २५ ते ३० दिवसांत कापणी. एका क्रेटमधून एखादी जुडी निघते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. रोपे चार पानांवर असताना बुंध्याशी कुजून आडवी पडली, तर कारण बहुधा जास्त पाणी हेच असते. बोट पेरभर मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

कोथिंबीर याहून हट्टी. धणे हलकेच रगडून दोन फोडी कराव्या लागतात, अख्खा धणा पेरला तर उगवण विरळ होते. दिवसभर भिजवूनही कोंब यायला आठ ते बारा दिवस लागतात आणि थंडीत त्याहूनही उशीर होतो. पाचव्या दिवशी माती उकरून पाहण्याची सवय अनेकांना असते, तिने मोड तुटतात. धणे जुने असतील तर वाट पाहण्यात अर्थ नाही, म्हणून आधी वीस फोडी ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-बारा दिवस ठेवाव्यात. दहा-बारा तरी रुजल्या तर बी चांगले. मार्चच्या मध्यानंतर ऊन तापले की कोथिंबीर पानांऐवजी तुरे काढू लागते. तेव्हा तिला सोडून द्यावे, तिचा ऋतू संपलेला असतो.

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. ते अवश्य पाहावे, पण संकल्पाच्या भरात तिथून फुललेल्या पिटुनियाच्या दहा पिशव्या घरी आणू नयेत. ती थंडीतली फुलझाडे आहेत, उन्हाळा वाढला की ती जाणारच. दोन आणावीत, त्यांचा बहर मनसोक्त पाहावा, आणि गेल्यावर वाईट वाटून घेऊ नये.

बागेच्या जोडीला ओल्या कचऱ्याचे खत हा पुण्यात हमखास होणारा संकल्प आहे, आणि हमखास वासावर मोडणारा. चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. वीस-वीस लिटरच्या दोन बादल्या घ्याव्यात, बाजूंना आणि तळाला पेन्सिल जाईल एवढी भोके पाडावीत, तळाशी दोन-तीन इंच नारळाच्या शेंड्या. कचरा बारीक चिरून टाकावा. टाकलेल्या प्रत्येक वाडग्यामागे एक ते दोन वाडगे चुरडलेली सुकी पाने. हे सुक्याचे प्रमाण लोक पाळत नाहीत आणि नेमके तिथेच फसतात. भाजीच्या देठा-सालांत पाणी आणि नत्र जास्त असते, पानांत कार्बन. पाने कमी पडली की मधली हवा जाते, कचरा कुजण्याऐवजी सडतो. ओळखायला सोपी खूण आहे. मूठभर खत घेऊन घट्ट पिळावे. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाने घालून उलथावे, काहीच आले नाही आणि मुंग्या दिसू लागल्या तर पाण्याचा हबका मारावा. पांढरी बुरशी चांगली. जाडजूड अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने खातात. चिलटे येऊ नयेत म्हणून रोज वर पानांचा थर असावा. आमटी-रस्सा, तेल, हाडे आत टाकू नयेत. विरजण म्हणून जुने खत दोन मुठी किंवा आंबट ताक पुरते. तीन-चार दिवसांनी एकदा उलथायचे. थंडीत एवढ्या लहान बादलीला दोन-अडीच महिने लागतात. चाळीस दिवसांत खत होईल असे कोणी सांगितले असेल तर ते उन्हाळ्याचे गणित समजावे.

आणि पाने कुठून आणायची? फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या गल्ल्यागल्ल्यांत पानगळ होते. तेव्हा ती झाडून पेटवली जातात, साऱ्या आळीत धूर कोंडतो, हे दरवर्षी पाहून जीव कळवळतो. दोन पोती वाळलेली पाने भरून जिन्याखाली कोरड्या जागी ठेवली तर एका घराची बरीच महिन्यांची सोय होते. सोसायटीच्या झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवावे, त्या पाने वेगळी काढून देतात.

‘कोणी’ हा प्रश्न या बाबतीत फार जाचक आहे. संकल्प एकाचा आणि राबणे दुसऱ्याचे, असे घरोघरी होते. बाग त्यांची, पाणी घालायचे हिने. खत मुलाच्या शाळेच्या प्रकल्पाचे, उलथायचे आजीने. ज्याने संकल्प केला त्यानेच पाणी घालावे, त्यानेच गॅलरी पुसावी, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचे पाणी गळले तर त्यानेच जाऊन माफी मागावी आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवाव्यात. दहा दिवस गावाला जायचे असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलावे. घरातल्या बाईच्या अंगावर आणखी एक काम पडणार असेल, तर त्याला छंद म्हणू नये.

विणकामात ‘किती’ हा प्रश्न मोजून सोडवता येतो, म्हणून ते नवशिक्याला फार चांगले. वीस सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब साधा मफलर घ्या. आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया, मध्यम जाडीची लोकर दोनशे ग्रॅम. लागेल दीडशेच्या आसपास, पण सगळी एकदम आणि एकाच लॉटची घ्यावी, नंतर आणलेल्या गुंडीचा रंग किंचित वेगळा निघतो आणि तो मफलरभर दिसत राहतो. आधी तीस टाक्यांचा तळहाताएवढा नमुना विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. बावीस बसले तर ४४ टाके घालायचे. सव्वीस बसले तर हात घट्ट आहे, सात नंबरची सुई घ्यावी. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड. प्रत्येक ओळ सुलटच विणायची. एक ओळ सुलट, एक उलट केले की कडा आत वळतात आणि मफलर नळीसारखा दिसतो. सगळे सुलट विणल्यास दहा सेंटिमीटरला साधारण ४४ ओळी होतात, म्हणजे दीड मीटरला ६६०. रोज दहा ओळी, वीस-पंचवीस मिनिटे. ६६ दिवस.

१ जानेवारीपासून ६६वा दिवस म्हणजे ७ मार्च. तेव्हा पुण्यातली थंडी गेलेली असते. म्हणून मफलर पुढच्या हिवाळ्यासाठी विणतो आहोत हे पहिल्या दिवशीच मनाशी पक्के करावे, नाहीतर फेब्रुवारीत ‘आता काय उपयोग’ म्हणून सुया ठेवल्या जातात. याच हिवाळ्यात गळ्यात घालायचा असेल त्याने दसऱ्याच्या सुमारास सुरुवात करायला हवी होती. दर दहा ओळींनी टाके मोजावेत. ४३ भरले तर एक टाका गळला आहे, क्रोशाच्या सुईने तो शिडीसारखा वर ओढून आणता येतो. पन्नास ओळींनंतर लक्षात आले तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. उठताना ओळ पूर्ण करूनच उठावे.

वाद्याचे तसे नाही. माळ्यावरची पेटी किंवा तबला १ जानेवारीला काढायचा नसतो, डिसेंबरच्या सुरुवातीला काढायचा असतो. पेटीचा भाता फाटलेला असतो, धुळीने किंवा झुरळांमुळे एखादा सूर अडकून सतत वाजत असतो, बायाची पुडी सैल पडलेली, शाईला चिरा गेलेल्या. दुरुस्तीत पंधरा दिवस जातात आणि तेवढ्यात उत्साह ओसरतो. घरी आणल्यावर वाद्य खोक्यात घालून ठेवू नये, बसायच्या जागेशेजारी कापडाखाली ठेवावे. पुण्याच्या कोरड्या हवेत जानेवारीत तबल्याचा सूर चढतो, पावसाळ्यात दमटपणाने उतरतो, यात वाद्य बिघडल्याचे काही नाही. हातोडीने हलके ठोके देऊन जुळवायला शिकणे हा रियाजाचाच भाग.

रियाज वीस मिनिटांचा. मोबाइलवर मिनिटाला ६० ठोक्यांची लय लावावी, म्हणजे तीनतालाच्या सोळा मात्रांचे एक आवर्तन सोळा सेकंदांचे. ‘धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना’ हा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरावीक रचना, ठाय (संथ) लयीत वीस मिनिटांत ७५ वेळा होतो. दोन आठवडे एवढेच. ‘तिट’ची बोटे स्वच्छ पडली नाहीत तर तिसऱ्या आठवड्यातही एवढेच. तिसऱ्याच दिवशी दुगुन, म्हणजे दुप्पट लय, घेतली की हात आखडतो, बोल अस्पष्ट होतात आणि ते ऐकून वाजवणाऱ्याचेच मन उडते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वेळ आधी शेजाऱ्यांना सांगावी. घरात किंवा भिंतीपलीकडे दहावी-बारावीचे मूल असेल तर मार्चपर्यंत संध्याकाळचा तबला नको. परीक्षा संपली की सुरू करावा. वर्ष तेव्हाही नवेच असते, पाडवा जवळच असतो.

वाचनाबद्दल थोडक्यात. ‘वर्षात पन्नास पुस्तके’ म्हणण्याऐवजी रोज दहा पाने म्हणावे, तीनशे पानांचे पुस्तक महिन्यात होते. आणि पुस्तक विकत घेण्यापेक्षा वाचनालयाचे आणावे. १८४८ सालापासूनचे पुणे नगर वाचन मंदिर या शहरात आहे, पेठापेठांतून लहान वाचनालये आहेत. परत करायची तारीख वाचायला बसवते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेला गठ्ठा कपाटात छान दिसतो, पण त्याला तारीख नसते.

रात्रीच्या एकत्र जेवणाचा संकल्प मोडतो तो ‘रोज’ या शब्दावर. हिंजवडीच्या आयटी कंपनीतून परतणाऱ्याला साडेआठचे ताट रोज जमत नाही, आणि चार दिवस चुकले की सगळेच सोडून दिले जाते. बुधवारची रात्र, शनिवारची रात्र आणि रविवारचा नाश्ता असे तीन प्रसंग ठरवावेत. फोन बाजूला ठेवा असे सांगून कोणी ठेवत नाही. सगळ्यांचे चार्जर जेवणाच्या खोलीतून काढून दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर न्यावेत, फोन आपोआप तिथे जातात. माळा आवरायचा असेल तर रविवारी एकच खोके, पाऊण तास, आणि काढलेली रद्दी-भंगार त्याच दिवशी घराबाहेर. दाराशी ठेवलेले खोके महिन्याने माळ्यावर परत जाते.

आता हिशोबाचे. मराठी घरात दुधाचे आणि कामवाल्या मावशींचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायची पद्धत जुनी आहे. संकल्पाचाही हिशोब त्याच कॅलेंडरवर, त्याच पेनाने मांडावा. केलेले दिवस मांडू नयेत, खाडे मांडावेत. मोकळा चौकोन म्हणजे काम झाले. महिन्याला चार खाडे पहिल्या दिवशीच मंजूर करून टाकावेत. संक्रांतीनंतर हळदीकुंकवांची रांग रथसप्तमीपर्यंत चालते, लग्ने असतात, मुलांची स्नेहसंमेलने असतात, खाडे होणारच. लागोपाठ दोन मात्र होऊ देऊ नयेत.

याला आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींची १२ आठवडे नोंद ठेवली. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसामाणसाला १८ ते २५४ दिवस असा वेगवेगळा निघाला, आणि मधला आकडा ६६. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे जे सर्रास सांगितले जाते, त्यामुळे बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणूस स्वतःलाच कमी लेखतो. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नव्हता. पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टी लवकर रुजल्या, व्यायामासारख्यांना वेळ लागला. तबल्याला तर त्याहूनही लागेल, हे धरूनच बसावे.

एका वर्षी छंदाचा एक आणि घराचा एक, एवढे दोनच संकल्प घ्यावेत असे आग्रहाने सांगावेसे वाटते. ते कागदावर लिहितानाही जुनी मांडणी वापरावी: ‘पूर्वेच्या गॅलरीत, १ जानेवारीपासून, सकाळी सात वाजता चहाच्या आधी, मी स्वतः, एका क्रेटमध्ये मेथी.’ हे लिहिता येत नसेल तर त्या संकल्पाची अजून तयारी झालेली नाही, तो पाडव्यापर्यंत थांबवावा.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. जानेवारीत वाचकांचे संकल्प आपण छापताच. गुढीपाडव्याच्या पुरवणीत अर्धे पान राखून त्याच वाचकांना पुन्हा लिहायला सांगावे. लांब मनोगत नको. काय ठरवले होते, किती दिवस झाले, खाडे किती, आणि खाडे का झाले, एवढ्या चार ओळी पुरेत. ‘दक्षिणेची गॅलरी, कोथिंबिरीला तुरे आले’, ‘बादलीला वास आला, पाने संपली होती’, ‘४३ टाके, पन्नास ओळी उसवल्या’ अशा नोंदी एकत्र छापल्या, तर पुढच्या डिसेंबरमध्ये संकल्प लिहायला बसणाऱ्यांना त्या कापून जपून ठेवता येतील.

कळावे.

आपल्या दैनिकाचा एक वाचक,
पुणे